घरगुती हवामापक यंत्र: चौदा महिने वापरून झाल्यावर

"आई, आज हिरवा आहे. मग पंप कशाला?"

यंत्र घरी आलं त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीने हे विचारलं. ती नऊ वर्षांची आहे आणि दम्याचा त्रास तिला पाचव्या वर्षापासून आहे. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलेला पंप तिच्या हातात होता आणि नजर फडताळावरच्या डबीकडे. पडद्यावर आकडा होता ११ आणि खालच्या पट्टीत हिरवा दिवा. तिचा तर्क तिने यंत्राकडूनच शिकलेला होता. पंप मी घ्यायला लावलाच, पण त्या रात्री ठरवलं की कामावर येणारं कुठलंही उपकरण जसं तपासते तसंच हेही तपासायचं.

माझं काम मोजमापाची उपकरणं तपासण्याचं आहे. तापमापक, दाबमापक, तराजू आमच्या प्रयोगशाळेत येतात, प्रमाणित उपकरणाशी ताडले जातात आणि किती चूक आहे ते कागदावर लिहून परत जातात. म्हणून हा अभिप्राय थोडा लांब आहे. कंपनीचं नाव मी देत नाही. या जातीच्या बहुतेक घरगुती यंत्रांच्या पोटात एकाच तत्त्वावर चालणारा सेन्सर असतो, त्यामुळे पुढचं बरंचसं इतर कंपन्यांच्या डब्यांनाही लागू पडेल.

यंत्र तळहाताएवढं आहे. पुढे पडदा, त्याखाली रंगाची पट्टी, मागे जाळी. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, ती हवा लेझरच्या किरणासमोरून जाते, आणि हवेतले कण तो किरण अडवून प्रकाश विखुरतात. बाजूला बसवलेला प्रकाशग्राही ते चमकणं मोजतो. चमक किती मोठी यावरून कणाचा आकार, किती वेळा चमकलं यावरून कणांची संख्या. त्यावरून यंत्र कणांचं वजन काढतं आणि पडद्यावर लिहितं: पीएम २.५, इतके मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस आणि घशातला ओलावा यांना ते अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत जातात, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सीओपीडी (श्वास कोंडणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाची बाळं, या सगळ्यांशी त्यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेचं प्रदूषण आणि त्यातले कण हे दोन्ही पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. त्यामुळे घरात मोजण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर ती पीएम २.५, यात मला शंका नाही.

पण वर लिहिलेल्या वाक्यात एक उडी आहे. यंत्र वजन हिशेबाने "काढतं", प्रत्यक्ष तोलत नाही. कण गोल आहे, अमुक घनतेचा आहे, अमुक प्रकारे प्रकाश विखुरतो, असं कारखान्यात ठरवून दिलेलं असतं. धूर, माती, मीठ, परागकण हे सगळे त्याच एका साच्यातून मोजले जातात. कायद्याच्या नजरेत मात्र पीएम २.५ म्हणजे खरोखरचं वजन आहे. ठरलेल्या वेगाने हवा ओढायची, ती गाळणकागदातून न्यायची, चोवीस तासांनी कागद सूक्ष्म तराजूवर ठेवायचा. तराजू माझ्या रोजच्या ओळखीचा, म्हणून ही पद्धत मला फार आवडते. सरकारी केंद्रांवर दर तासाला आकडा देणारी यंत्रं असतात, त्यातली पुष्कळशी कागदी पट्टीवर कण साचवून त्यातून बीटा किरण सोडतात आणि किरण किती अडले यावरून वजन ठरवतात. हवा आत घेताना ती गरम करून तिच्यातलं पाणी घालवलं जातं.

माझ्या डबीत नेमकी तीच सोय नाही. पहिली चाचणी मी न्हाणीघराबाहेर केली. गरम पाण्याने आंघोळ झाली, दार उघडलं, आणि १४ वरचा आकडा दोन मिनिटांत १८० वर गेला, लाल दिवा. कुठेही धूर नव्हता, नुसती वाफ. दहा मिनिटांत आकडा पुन्हा खाली. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की मिठासारखे कण पाणी शोषून फुगतात, लेझरला ते मोठे दिसतात आणि यंत्र जास्त वजन सांगतं. पावसाळी हवेत आणि धुक्यात हे रोज घडतं. घरापासून तीनेक किलोमीटरवर सरकारी मापन केंद्र आहे. यंत्र बाहेरच्या सज्जात टांगून सलग सहा आठवडे दोन्हींच्या दिवसाच्या सरासऱ्या मी वहीत शेजारी-शेजारी लिहिल्या. कोरड्या दिवसांत फरक साधारण सहाव्या हिश्शाचा, दमट दिवसांत माझं यंत्र सरकारी आकड्याच्या जवळजवळ दीडपट. आकडे वेगळे, पण चढ-उतार मात्र एकाच तालात. ज्या दिवशी तिकडे वाढ, त्या दिवशी इकडेही.

नंतर सहकाऱ्याचं त्याच बनावटीचं यंत्र आणून आठवडाभर दोन्ही शेजारी ठेवली. त्यांच्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत. आमच्या धंद्यात यावर लगेच खूश होत नाहीत. दोन उपकरणं एकमेकांशी जुळली याचा अर्थ ती खरी आहेत असा होत नाही, दोघंही सारखीच चुकू शकतात. पण सातत्य आहे, आणि सातत्य असलेल्या उपकरणाची चूक एकदा कळली की त्याच्याकडून काम करून घेता येतं. कंपनीला मी लिहून विचारलं की तपासणीचा दाखला मिळेल का. उत्तर आलं, यंत्र कारखान्यातच तपासलेलं आहे. दाखला नाही. कोणत्या उपकरणाशी ताडलं, कोणत्या कणांनी ताडलं, यावर एक ओळही नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तरच आलं नाही. या एका गोष्टीसाठी मी दोन तारे कापते.

पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडाही पडद्यावर येतो. तो मी बघत नाही. जाडसर धुळीचे कण या छोट्या पंख्याच्या झोताने नीट आत येतच नाहीत, त्यामुळे तो आकडा बराचसा बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. खिडकीच्या कठड्यावर बोटाने रेघ मारता येईल इतकी माती बसली होती त्या दिवशी पीएम १० हा पीएम २.५ पेक्षा जेमतेम चारने जास्त दिसत होता.

आता रंगाबद्दल. माझी खरी तक्रार इथे आहे.

ॲपच्या सेटिंगमध्ये एक यादी आहे: कोणत्या देशाचा हवा निर्देशांक, म्हणजे मायक्रोग्रॅमवरून कोष्टकाने काढलेला आकडा आणि रंग, दाखवायचा. मी यंत्र एका जागी ठेवलं, आकडा ५५ मायक्रोग्रॅम होता, आणि यादीतली नावं एकेक करून बदलली. अमेरिकी निर्देशांकावर १४९ आलं, नारिंगी रंग, "संवेदनशील व्यक्तींसाठी हानिकारक". भारतीय निर्देशांकावर त्याच हवेचे ९२ झाले, हिरव्या छटेत, "समाधानकारक". खोली तीच, मिनिटही तेच, आणि मुलीचं फुप्फुसही तेच. बदलली ती फक्त कोष्टकं. भारतीय कोष्टकात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत "समाधानकारक" धरतात, कारण चोवीस तासांची कायदेशीर मर्यादा ६० आहे. अमेरिकी कोष्टकात २०२४ पासून "चांगली" ही पायरी ९ वरच संपते.

या मर्यादा कशा ठरतात ते वाचायला लागले आणि त्यात मी कित्येक रात्री घालवल्या. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस थंड, स्थिर हवेचं झाकण बसलं, कोळशाचा धूर खालीच अडकला आणि हजारो माणसं गेली. तेव्हाचा अंदाज चार हजारांचा, नंतरच्या अभ्यासात तो बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. अमेरिकेत १९७० चा कायदा झाला, पण बारीक कणांची वेगळी मर्यादा यायला १९९७ उजाडलं. त्याआधी १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठ हजारांहून अधिक प्रौढांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन पाहिलं, तर सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही. १९९७ ला वार्षिक मर्यादा १५ ठरली, २०१२ ला १२ झाली, २०२४ ला ९. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मर्यादा ठरवताना खर्च विचारात घ्यायचा नाही, फक्त आरोग्य. हे वाचून मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. युरोपीय संघात आज वार्षिक मर्यादा २५ आहे आणि २०३० पासून ती १० होणार आहे. भारताची २००९ पासून ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये १० सुचवली होती, २०२१ मध्ये ती ५ वर आणली. संघटनेचा आकडा कुठेच कायदा नाही, तो सल्ला आहे. पण ५ च्या खाली सगळं निर्धोक, असं तीही म्हणत नाही.

माझ्या यंत्राची वर्षभराची सरासरी, दमटपणाची चूक वजा केल्यावर, ३१ आली. ती एका कायद्यात बसते, दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त आहे आणि सल्ल्याच्या सहापट. मग कोणता रंग लावायचा? यंत्र बनवणाऱ्याने यातला एक निवडून मुकाट्याने लावला होता, आणि माझी मुलगी त्यावर औषध घ्यायचं की नाही ते ठरवत होती.

आणखी एक. मर्यादा दिवसाच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर असतात, यंत्र मिनिटाचा आकडा दाखवतं. स्वयंपाकघरात तेल धुरकटून आकडा २०० वर गेला आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिला, तर दिवसाच्या सरासरीत भर पडते जेमतेम दोनची. सुरुवातीला असा लाल दिवा दिसला की मी घाबरून सगळ्यांना खोलीबाहेर काढायची. उलट रात्रभर ४५ वर रेंगाळणारा पिवळा दिवा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि तोच सरासरी वर नेतो. कंपनीने दिवसाची सरासरी ॲपच्या तिसऱ्या पानात दडवली आहे. ती पहिल्या पानावर हवी.

आणि जे या डबीला दिसतच नाही ते? लेझरला वायू दिसत नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे चारही त्याच्यापुढून निघून जातात. गॅसवर चालणारी शेगडी किंवा हीटर घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं वेगळं यंत्र लावाच. तो वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो, त्याला रंग-वास नाही, आणि ही डबी तेव्हाही हिरवीच राहील. डिझेलच्या ताज्या धुरातले ०.१ मायक्रॉनहून लहान कणही तिला दिसत नाहीत. रस्त्याकडेला यंत्र धरून उभी राहिले, नाकात धूर झोंबत होता आणि आकडा २८.

लंडनमधल्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीबद्दल मी याच काळात वाचलं. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी, तीव्र दम्याची, २०१३ च्या फेब्रुवारीत वयाच्या नवव्या वर्षी गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द झाला, दुसरी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. त्या निष्कर्षात कणांबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडचाही उल्लेख आहे. तो मर्यादेपेक्षा जास्त होता, आणि मर्यादा कागदावर होतीच. हे वाचल्यापासून मी मुलीला शाळेत मुख्य रस्त्याने नेत नाही, मागच्या गल्लीतून नेते. सात मिनिटं जास्त लागतात. यंत्रात दोन्ही वाटांचा आकडा जवळपास सारखाच येतो, तरीही.

ओझोनने तर मला चांगलंच फसवलं. माझ्या नोंदींत दुपारी एक ते चार या वेळेत कण सर्वांत कमी दिसायचे. कारण साधं आहे. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर उठते आणि धूर विरळ होतो. रात्री आणि पहाटे थंड हवा खाली दबून राहते आणि धूर तिच्यात अडकतो. म्हणून मी मुलीचा धावण्याचा सराव पहाटेऐवजी दुपारी चारला नेला. यंत्र हिरवं, आणि मुलगी खोकत घरी. तिसऱ्या दिवशी सरकारी केंद्राच्या तक्त्यात बाकीचे रकाने उघडून पाहिले तर ओझोनचा दिवसातला सर्वांत मोठा आकडा नेमका त्याच वेळेचा होता. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेतली बाष्पशील सेंद्रिय रसायनं उन्हात एकमेकांशी मिळून ओझोन तयार होतो. उंचावर तो आपल्याला वाचवतो, खाली श्वासनलिका सुजवतो. आता सराव सकाळी उशिरा असतो, धूर ओसरल्यावर आणि ऊन चढण्याआधी, आणि निघण्यापूर्वी मी दोन ठिकाणी बघते.

इतकं सगळं लिहूनही यंत्र मी परत केलेलं नाही. त्याचं कारण झोपायची खोली. हवा शुद्ध करणारं यंत्र आमच्याकडे आधीपासून होतं, पण ते काही करतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. डबी आत ठेवली, दार-खिडक्या लावल्या, आणि ६० चा आकडा पंचवीस मिनिटांत ८ वर आला. आठ महिन्यांनी तीच उतरण तासाभरावर गेली तेव्हा गाळणी बदलायची वेळ झाली हे दिव्यावाचून कळलं. मग सकाळी कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहिला, त्याचा डबीत वेगळा सेन्सर आहे: १,८०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० असतो. बंद खोलीत धूर नव्हता, पण आमचेच उच्छ्वास साचले होते. आता रात्री बाजूच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी असते, कण १५ च्या आसपास राहतात आणि कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आत. हा तोल डबीशिवाय मला जमला नसता. केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला लागलो तेही तिच्यामुळेच.

घेणार असाल तर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर अवरक्त किरणांवर चालणारा आहे ना, हे तपासून घ्या. स्वस्त डब्यांत तो नसतोच, वासाच्या सेन्सरवरून अंदाज लावून आकडा दाखवतात. हात निर्जंतुक करायचं द्रव्य जवळ आणलं की त्यांचा आकडा उसळतो. दमटपणा दाखवणारं यंत्र घ्या, म्हणजे कधी विश्वास ठेवायचा नाही ते कळेल. नोंदी फाइलमध्ये उतरवून घेता येतात का ते पाहा. माझ्यात येतात, आणि मुलीच्या डॉक्टरांनी त्या पीक फ्लो मीटरच्या (फुंकर किती जोराची ते मोजणाऱ्या नळीच्या) वहीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. पंप कमी-जास्त करायचा निर्णय त्यांनी वहीवरून घेतला, डबीवरून नाही. पंख्याचा आवाज रात्री ऐकू येतो, उशाशी ठेवू नका. बॅटरी जेमतेम सहा तास पुरते. पाचपैकी तीन तारे.

रंगाच्या पट्टीवर मी पांढरी चिकटपट्टी लावून टाकली आहे. सेटिंगमध्ये निर्देशांक बंद, फक्त मायक्रोग्रॅम. मुलगी आता पडद्याकडे बघून आधी विचारते, "हा मिनिटाचा आहे की दिवसाचा?" आणि उत्तराची वाट न बघता पंप घेते.